गादीला सरळ, डोक्याला तिरपा

"तुम्ही नुसतं खोकलात तरी मला कळेल," बाळाची आजी म्हणाली. "चांगलं असलं तर एकदा खोका."

मौनीबाबांना खरोखरच खोकला येत होता. त्यांनी तो गिळला.

हे नाव त्यांना रुग्णालयातल्या सिस्टरांनी ठेवलं होतं. चोवीस वर्षं ते सोनोग्राफीच्या यंत्रावर होते आणि पडद्यावर काय दिसतंय हे आता कोणत्याही नातेवाइकाला सांगत नसत. नियमच तसा होता. तंत्रज्ञाने बघायचं, डॉक्टरांनी सांगायचं. बाबांनी या नियमाचा स्वभाव करून घेतला होता. घरी बायकोने जेवण कसं झालंय विचारलं तरी ते रिपोर्ट यायचा असल्यासारखे बघत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका बापाला आपणहून "काळजी नको" म्हटलं होतं. काळजी करायला हवी होती. तेव्हापासून तोंड बंद.

काचेच्या पेटीत अकरा दिवसांची मुलगी होती. दोन महिने आधीच आलेली, आणि त्या घाईची शिक्षा म्हणून नाकात नळी. मोठ्या माणसाच्या कवटीतून आवाजाच्या लहरी धड आत शिरत नाहीत, हा अनुभव बहुतेकांना घरीच येतो. तान्ह्या बाळाची टाळू मात्र भरलेली नसते. तेवढ्या मऊ जागेवर यंत्राचा हातात धरायचा प्रोब टेकवला की आतला मेंदू पडद्यावर दिसतो.

परवा बाबा रजेवर होते, तेव्हा दुसऱ्या तंत्रज्ञाने तो टेकवला होता. रिपोर्टात आलं: डावीकडे पांढरा भाग, रक्तस्राव असू शकतो, पुन्हा तपासावं. 'असू शकतो' या दोन शब्दांपाशी बाळाची आई दोन दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती. झोप नाही, नीट खाणं नाही. सिस्टर सांगत होती, हात घाला आत, बाळाला बरं वाटतं. ती घालत नव्हती. "माझ्या हाताने आणखी काही व्हायला नको," एवढंच म्हणाली होती.

बाबांनी जेलची बाटली मुठीत धरून कोमट केली आणि प्रोब टेकवला. डावीकडे पांढरं होतं. चांगलं ठसठशीत होतं. आजी पडद्याकडे बघतच नव्हती; ती बाबांच्या भुवया वाचत होती, आणि तिथे नेहमीप्रमाणे काही छापलेलं नव्हतं.

मग बाबांना दिसलं की कवटीचं हाडही डावीकडे जास्त आलंय. बाळ मान कलती करून झोपलं होतं. घाईत माणूस प्रोब गादीला सरळ धरतो, डोक्याला नाही. आत्ता त्यांनीही तेच केलं होतं. त्यांनी मनगट जरासं वळवलं. मेंदूच्या पोकळ्यांमध्ये दोन्हीकडे रक्तवाहिन्यांचे गुच्छ असतात आणि ते मुळातच पांढरे दिसतात. तिरप्या नजरेने बघितलं की एक फुगतो, दुसरा लपतो. आता दोन्ही सारखे दिसत होते. त्यांनी कानामागूनही बघितलं, मग पुन्हा टाळूवरून. कुठेच काही नव्हतं.

बाबांनी फोटो काढले, टाळूवरचं जेल पुसलं आणि सिस्टरकडे डॉक्टरांची चौकशी केली. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर कार्यशाळेत होते. विषय होता 'रुग्णाच्या नातेवाइकांशी संवाद', त्यामुळे संध्याकाळी पाचपर्यंत ते कोणत्याही नातेवाइकाशी बोलू शकणार नव्हते. आता अकरा वाजले होते.

एरवी बाबा पुढच्या खोलीकडे निघाले असते. आज त्यांनी आईकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती. बाबा फोटो घेऊन जिना चढले.

सभागृहात डॉक्टर एका रडणाऱ्या नातेवाइकाची भूमिका करत होते, आणि बरी करत होते. ती संपल्यावर त्यांनी खिडकीशी जाऊन परवाचे आणि आजचे फोटो शेजारी धरून दोनदा तपासले, सही केली, महिन्याने पुन्हा बघू म्हणाले. संध्याकाळी खाली येऊन सांगतो, असंही म्हणाले.

"साहेब, ती बाई दोन दिवस झोपलेली नाही."

"मग तुम्हीच सांगा की. आता माझी सही आहे."

जिना उतरताना बाबांनी वाक्य तीनदा घोळवलं. खाली पोचल्यावर ते जुळेना, म्हणून त्यांनी कागदच वाचायला घेतला. दोन्ही पोकळ्या सारख्या आहेत, रक्तस्रावाचं चिन्ह नाही, महिन्याने पुन्हा तपासणी.

"म्हणजे काय हो?" आईने विचारलं. दोन दिवसांतला तिचा हा पहिला प्रश्न होता.

बाबांनी कागदात बघितलं. तिथे पुढे काही नव्हतं.

"म्हणजे... रक्त नाहीये कुठे. परवा यंत्र वाकडं धरलं गेलं होतं. मुलगी ठीक आहे हो."

आजीने परवाच्या तंत्रज्ञाच्या सात पिढ्यांची सोनोग्राफी केली आणि मग तोंडावर पदर घेऊन रडली. आई उठली, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पेटीच्या गोल भोकातून एक बोट आत नेलं. मुलीने ते धरलं. हात तसाच आत ठेवून, पेटीला डोकं टेकून, आई पाच मिनिटांत झोपली.

बाबांनी यंत्राची वायर गुंडाळली. त्याचं मागचं एक चाक भयंकर करकरायचं. त्यांनी ती बाजू कमरेत वाकून उचलून धरली आणि दाराबाहेर जाईपर्यंत खाली टेकवली नाही.