एक दिवस आड येणारा चमत्कार

"दोन तास उभी हाय गो! बाबा ताप उतरवतोय, पण माझे गुडघे धरले त्याचं काय?" माझ्यापुढची बाई पुटपुटली.

पेणच्या आमच्या गल्लीत, गणपतीच्या कारखान्यांसमोर, गुणाजीबाबा सतरंजीवर बसला होता. पुढ्यात पाच महिन्यांची गरोदर समीक्षा दोन गोधड्यांत कुडकुडत होती. मी ज्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते, तिथल्या मालकीण विमलबाईंची ही सून. दुपारी थंडी, मग ताप, मग घाम.

बाबाने मोरपीस फिरवलं. "गोळी घेतलीस तर देव उठून जाईल! उद्या ताप आला, तर ही दाढी इथंच कापा!"

तो सोमवार. मंगळवारी ताप आला नाही, नारळांचा ढीग पडला. बुधवारी आला, तेव्हा बाबा गरजला, "कुणीतरी शंका घेतली!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं; गोळी द्या म्हणणारी मी एकटीच. माझ्या एका शंकेने पळणारा देव फारच भित्रा म्हणायचा.

शुक्रवारी सकाळी नगरपालिकेची हिवतापवाली प्रतिक्षा आली. सगळं ऐकून तिने बाबापुढे बसकण मारली.

"बाबा, तुम्ही सोमवारी बोललात मंगळवारचं. आता आजचं बोला. आज ताप येणार नाय म्हणा."

बाबाने दाढी मुठीत धरली. "आज अमृतयोग नाय."

"व्हय, आज तापाचा वार हाय! हा ताप एक दिवस आड येतो. मधल्या रिकाम्या दिवसावर कुणीपण पैज मारेल." तिने समीक्षाचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. थोड्या वेळाने पट्टी सगळ्यांना दाखवली. "मलेरिया. आत्ता दवाखान्यात न्या. पोटातल्या जिवालाही धोका हाय."

रिक्षा येईपर्यंत बाबाची सतरंजी गुंडाळून झाली होती.

"आता सांगा, डास कुठले?" प्रतिक्षाने विचारलं. जो तो मूर्तींच्या सोंडा बघू लागला. मीसुद्धा.

महिन्यापूर्वी याच बाबाने प्रत्येक कारखान्याच्या पिंपात झेंडू टाकला होता. "पाणी ओतून टाकलंत तर बरकत वाहून जाईल." तेव्हापासून आम्ही त्यात वरून भर घालायचो, तळ कधी काढला नाही. दर आठवड्याला पिंपं रिकामी करायला येणाऱ्या प्रतिक्षाला सगळ्यांनी दारातूनच परत पाठवलं.

वाचणाऱ्यांनो, डासाला झेंडू कळत नाही, साचलेलं पाणी कळतं. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करा, घासा, झाका. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासा. याला गुरू लागत नाही.

प्रतिक्षाने विमलबाईंच्या मागच्या पडवीतल्या पिंपात पांढरा वाडगा बुडवला आणि रिक्षापाशी आणला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

रिक्षात समीक्षाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या विमलबाई वाडग्याकडे बघत राहिल्या.

"तू आलीस तेव्हा घरात कुणी नाय म्हणून मीच आतून ओरडले होते," त्या प्रतिक्षाला म्हणाल्या. "माझ्या सुनेला ताप मीच आणला."