वकिलांची पगडी आणि भरवशाचे रिव्हॉल्वर

"मनुष्य शस्त्र निवडीत नाही, शस्त्रच आपला मनुष्य निवडून घेते," असे गंगाधरपंत वकिलांनी भोरच्या आपल्या ओटीवर बसून जाहीर केले. त्या दिवसापर्यंत पंतांनी स्वतः निवडून आणलेली एकमेव वस्तू म्हणजे बाजारातली वांगी, आणि तीही त्यांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी किडकी म्हणून परत पाठवली होती.

शस्त्राची गरज पडली ती एका बैलामुळे. वेल्ह्याच्या रखमाजीचा बैल शेजाऱ्याच्या नाचणीत शिरला, फिर्याद झाली, आणि शेजाऱ्याचे वकीलपत्र पंतांकडे आले. वेल्ह्याच्या कचेरीत बोलण्याच्या भरात पंतांनी त्या बैलाला 'अट्टल गुन्हेगार' म्हटले. रखमाजीने निकाल निमूट ऐकून घेतला. बाहेर येऊन मात्र तो चार माणसांत म्हणाला, "मला काय बी म्हणा. पर माज्या बैलाला चोर म्हनला. आता ह्यो वकील पुन्यांदा वेल्ह्यात येऊ द्या, भर बाजारात त्याची पगडी उडीवतो का न्हाई बगा." हे शब्द पंतांच्या कानी पडावेत म्हणून सबंध खोऱ्यातली माणसे झटली. काहींनी तर भोरपर्यंत पायपीट केली.

प्रकरण साधे नव्हते. बाजारात पगडी पडलेल्या वकिलाची पायरी पुन्हा कोणी चढत नाही. आणि दुसऱ्या एका दाव्याची तारीख वेल्ह्यातच लागली होती, तीही बाजारच्या दिवशी. जाऊ नये तर भ्याले म्हणतील, जावे तर बोडके परत यावे लागेल. तेव्हा पंतांनी भोर दरबाराकडे अर्ज करून हत्याराचा परवाना मिळवला. तो लगेच मिळाला, कारण पंतांच्या हातून कोणाला गोळी लागेल अशी भीती दरबारात कोणालाच वाटली नाही.

"तुम्हाला पालीवर चप्पल नीट मारता येत नाही," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"पाल हलते."

"आणि रखमाजी काय मुंज्यासारखा उभा राहणार आहे?"

पंतांनी पायांत वहाणा सरकवल्या. ते आंबवड्याला आनंदराव सुभेदारांकडे गेले. सुभेदार मागल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते आणि येताना हिवताप व दोन हत्यारे घेऊन आले होते. हिवताप कोणी उसना मागत नसे, म्हणून हत्यार मागायला कोणी आले की त्यांना मनापासून आनंद होई. त्यांनी घोंगडीवर दोन्ही मांडली. एक होते बेल्जियमचे लहानसे पिस्तूल, शिंपल्याच्या मुठीचे, अत्तरदाणीच्या शेजारी ठेवले तर शोभेल असे. दुसरे लष्करी रिव्हॉल्वर, सहा घरांच्या चक्रीचे, काळे, ओबडधोबड, आणि वजनाला पाट्यावरच्या वरवंट्याच्या भावकीतले.

पंतांचा जीव पिस्तुलावर जडला. ते मुठीत असे बसले की जणू पंतांच्या मापाने शिवले होते. कोटाच्या आतल्या खिशात घातले तर गेलेही, आणि बाहेरून काही दिसेना.

"हेच," पंत म्हणाले.

"दिसाया ग्वाड हाय," सुभेदार म्हणाले, "पर उडवून बगा की आदी."

दोघे शेजारच्या सखूबाईच्या शेतात गेले. बांधावर तिचा वाळका भोपळा होता, त्यावर नेम धरायचे ठरले. सखूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भोपळा माजा हाय, सुभेदार. फुटला तर म्या भरून घीन."

"न्हाई फुटत," सुभेदार म्हणाले. पंतांकडे त्यांनी एकदाच पाहिले होते, पण तेवढे पुरले होते.

पिस्तुलाची पहिली गोळी आभाळात गेली. दुसरी निघालीच नाही. काडतूस आडवे अडकून बसले, आणि पंत ते पिस्तूल कानाशी हलवून आवाज ऐकू लागले. सुभेदारांनी आधी ते हळूच काढून घेतले आणि मग शिव्या घातल्या. मग रिव्हॉल्वरची पाळी आली. एक गोळी सुटली, पंत दोन पावले मागे गेले. पुढचे काडतूस फुसके निघाले, पण पुन्हा चाप ओढताच चक्री फिरली आणि तिसरे धडाडले. भोपळा होता तसाच होता.

"बगितलं?" सुभेदार म्हणाले. "ह्येला भरवसा म्हंत्यात. एक फुसकं निगालं तर दुसरं हजर. त्ये बेल्जम म्हंजी रुसलेला जावई, येका शब्दावर अडून बसनार. वकीलसाहेब, आवड वायली आन् भरवसा वायला. बायकू आवडीची करा, हत्यार भरवशाचं घ्या."

"आमच्याकडे दोन्ही वडीलच ठरवतात," पंत उसासून म्हणाले. पण युक्तिवाद बिनतोड होता, आणि बिनतोड युक्तिवादापुढे मान तुकवण्याची पंतांना धंद्यामुळे खोड होती. शिंपल्याच्या मुठीवरून एकदा बोट फिरवून त्यांनी वरवंटा उचलला.

तारखेच्या दिवशी सौदामिनीबाईंनी रिव्हॉल्वर कोटाच्या खिशात घालून पाहिले. खिसा शिवणीसकट खाली आला. तेव्हा पंतांनी ते धोतरात खोचले, वरून कोटाची बटणे लावली, पगडी दोन्ही हातांनी नीट बसवली आणि छकड्यात बसून नसरापूरमार्गे वेल्ह्याला निघाले. बसलेले असेतोवर सगळे ठीक होते.

वेल्ह्याला बाजाराच्या तोंडाशी ते उतरले आणि चालू लागले. चार पावलांवर रिव्हॉल्वर बोटभर खाली सरकले. पंतांनी कोपराने ते वर लोटले. आणखी चार पावलांवर ते पुन्हा सरकले, आणि या खेपेला एकटे सरकले नाही. सुभेदार पाटलोण घालतात आणि तिला चामड्याचा पट्टा असतो, ही गोष्ट पंतांच्या ध्यानात मिरच्यांच्या ढिगापाशी आली.

कचेरीपुढे रखमाजी उभाच होता. त्याने पंतांना पाहिले आणि बाह्या सारीत तो पुढे आला. भाजीवाली ठकुबाई मापटे हातात धरून तशीच राहिली.

"या वकीलसायेब," रखमाजी म्हणाला. "माज्या बैलाला काय म्हनला हुता, त्ये हितं मानसांत बोला की."

पंतांनी कोटाखाली हात घातला. मूठ सापडली. पंतांनी ती सर्व बळ एकवटून ओढली. रिव्हॉल्वरचा घोडा निऱ्यांत अडकला होता. रिव्हॉल्वर भरवशाचे खरे, ते बाहेर आले. पण येताना निऱ्यांना संगतीने घेऊन आले.

पंत भर बाजारात उभे राहिले. उजव्या हातात भरलेले हत्यार, डाव्या मुठीत जमेल तेवढे धोतर. पगडी जागच्या जागी होती. ठकुबाईने लाजेने तोंड फिरवले आणि काही राहून तर गेले नाही ना म्हणून पुन्हा वळवले. रखमाजीचा पगडीकडे निघालेला हात वाटेत थांबला होता.

पंतांनी आजूबाजूला पाहिले. छकडा निघून गेला होता. कारकून कचेरीच्या खिडकीत होता, पण तो हसून हसून कामातून गेला होता. हत्यार जमिनीवर ठेवायला वाकावे, तर वाकण्यासारखी परिस्थिती उरली नव्हती. आणि निऱ्या एका हाताने आजवर कोणाला घालता आल्या नाहीत. हाताच्या अंतरावर माणूस असा एकच होता.

"रखमाजीराव," पंत रिव्हॉल्वर पुढे करीत अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "एवढं जरा धरता का?"