पाकिटातला कचरा

पुण्यातली माणसं शनिवार-रविवार घरात का बसत नाहीत, हे मला आजवर उमगलेलं नाही. आमचा जयराज आणि त्याची बायको अंकिता पाच दिवस कंपनीत राबतात आणि सहाव्या दिवशी पहाटेच गाडी बाहेर काढतात. कधी लोणावळा, कधी दिवेआगरचा समुद्र, कधी कुठला तरी गड. इकडे कवठे महांकाळला आईबाप आहेत, तिकडे मात्र गाडी वळत नाही. मी एकदा फोनवर तसं बोललो, तर भलतंच झालं. अंकितानं आम्हा दोघांचेही कासच्या पठाराचे पास काढले.

"मामा, एकच शनिवार या," ती म्हणाली. "सप्टेंबर सरला की फुलं संपतात."

मला फुलं बघायला सवड नव्हती. सोमवारी आमचा आठ एकर माळ विश्वजितच्या खडी क्रशरला द्यायचा होता. कागद तयार होता, माझी सही तेवढी राहिली होती. माळ कसला, नुसता कातळ. पेरलं तर बी वाया, खणलं तर पहार वाकते. मी फौजेतून हवालदार होऊन घरी आलो त्याला वीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत त्या माळावर मी पाचदासुद्धा चढलो नसेन. आमची पिकती जमीन खाली, कॅनॉलच्या कडेला. वर फक्त माझी बायको रंगूबाई शेळ्या घेऊन जायची. कागदाचं तिला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "तुमाला बरं वाटंल तसं करा," एवढंच म्हणाली. त्या दिवशी भाकरी करपली, आणि मी त्यावरूनही बोललो.

शनिवारी आम्ही पहाटेची एसटी धरून सातारा गाठलं. स्टँडवरून जयराजनं गाडीत घेतलं. वर गेलो तर धुकं असं, की हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेना. पास तपासणाऱ्यानं मात्र आमचे पास नीट डोळ्यांजवळ धरून तपासले.

"धुकं बघायला बी पास लागतो व्हय रं?" मी जयराजला विचारलं.

तो हसला. रंगूबाई हसली नाही. ती पदर डोक्यावरून घट्ट घेऊन पुढं बघत होती.

मग वारा सुटला आणि धुकं उचललं गेलं. मी चोवीस वर्षं फौजेत काढली. बर्फाचे डोंगर पाहिले, आसामात पुराची ब्रह्मपुत्रा पाहिली, तिला तर पलीकडचा काठच नव्हता. पण तिथं तोंड चालू होतं माझं. इथं ते बंद झालं. पायापासून आभाळ टेकतं तिथवर गुलाबी तेरडा. त्यात मधेच पिवळे पट्टे. आणि वाटेच्या कडेला, खाली वाकल्याशिवाय दिसणार नाही असं बारीक निळं-जांभळं काहीतरी, लाखांनी. नांगर नाही, पेरणी नाही, खत नाही, माणूस नाही. वीस वर्षं पिकासाठी जमिनीच्या हातापाया पडणारा मी, मला ते बघून भीतीच वाटली. खरं सांगतो, टोपी काढून हातात घेतली.

"खाली समदा कातळ हाय," आमच्याबरोबरची गाइड सांगू लागली. दीक्षा तिचं नाव, जवळच्याच गावातली होती. "माती चार बोटं. कुठं तेवढी बी न्हाई."

मी काठी आपटली. खण्ण असा आवाज आला. आमच्या माळावर पहार मारली की येतो, तोच.

मला राहवेना. माती खरंच चार बोटं आहे का बघायला मी उकिडवा बसलो, आणि हातानं तण उपटायची सवय दाखवली. बोटं बुडख्याशी गेली, एक हिसका दिला, रोप मुळासकट हातात. लगेच शिट्टी वाजली.

"आजोबा, भांगलायला आलाय का?" दीक्षा ओरडली. आजूबाजूची पुण्या-मुंबईची माणसं हसली. अंकिता माझ्या वतीनं माफी मागू लागली. मी मान खाली घालून हातातल्या रोपाकडं बघत राहिलो. बोटभर उंचीचं, केसाळ, टोकाला निळसर फूल. नभाळी म्हणतात म्हणे.

रंगूबाई वाकून बघत होती. "ही आपल्या माळावर बी हाय," ती हळूच म्हणाली.

"काय सांगतीस?"

"भादव्यात लय येती. तुमाला पाठवत हुते की."

"काय पाठवत हुतीस?"

"हीच फुलं. पाकिटातनं. दर भादव्यात."

रंगूबाईला लिहिता येत नाही. त्या काळी ती गावातल्या गुरुजींकडून पत्र लिहून घ्यायची. शेळी व्याली, विहिरीचं पाणी आटलं, तुम्ही जपा. ते पाकीट मी बराकीत उघडलं की दर पावसाळ्याअखेर आतून काळपट भुगा सांडायचा. मला वाटायचं, रानातला कचरा. कॉटवर पडला तर इन्स्पेक्शनला शिव्या बसायच्या, म्हणून मी बराकीच्या दाराबाहेर जाऊन पाकीट उलटं करून झटकायचो. एकदा शेजारच्या कॉटवाल्याला म्हणालोसुद्धा, "आमच्या मंडळीला पाकीट बी साफ ठेवता येत न्हाई."

"कवा बोलली न्हाईस त्ये," मी म्हणालो.

"तुमी तरी कुठं काय बोलला? म्या समजले, पोचत असंल." ती जरा थांबली. "तुमची रजा मे महिन्यात. तवा माळ बोडका. तुमाला दिसणार कवा? म्हनून धाडायची."

तिथं हजार माणसं होती. मी डोळे पुसले आणि कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

रात्रीचं हॉटेल अंकितानं आपणहून रद्द केलं. जयराजनं गाडी कवठे महांकाळला आणली.

"सकाळीच जाऊ वर," रंगूबाई म्हणाली. "दुपारी मिटत्यात."

रविवारी उजाडता उजाडता आम्ही चौघं माळ चढलो. कासच्या मानानं काहीच नव्हतं. दोन पावलांवर सुपाएवढा निळा तुकडा, मग कातळ, मग पुन्हा निळा. पण तो तसाच पार धारेपर्यंत गेला होता, आठही एकर. माझ्या नावावरची जमीन, आणि ती मी पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बघत होतो. अंकितानं चपला काढल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रंगूबाई एका दगडावर बसली. ही तिची रोजची जागा असणार, दगड बसून बसून गुळगुळीत झाला होता. मी तिच्याजवळ खाली बसलो. या खेपेला हात मांडीवर धरून ठेवले.

तेवढ्यात विश्वजितचा फोन आला. "काका, उद्या दहाला येऊ का कागद घिऊन?"

"नको. माळ द्यायचा न्हाई."

"आवं, असं कसं? काय हाय त्या खडकावर?"

"बायकोची पत्रं हाईत," मी म्हणालो. "माझी वाचायची राह्यल्यात."