उतरलेल्या सेलांचा उजेड

मी एक जुनी, कान तपासायची बॅटरी आहे, मित्रांनो. पुढे लहानसं नळकांडं, त्यात भिंग, आत इवलासा दिवा आणि पोटात दोन सेल. डॉक्टर मला लहान मुलांच्या कानाशी धरतात आणि आतला पडदा बघतात. तरुणपणी माझा उजेड दुधासारखा पांढरा होता. एकदा एका पोराच्या कानात रुतलेला मणी मी शोधून दिला, तेव्हा केवढं कौतुक झालं माझं!

पण कौतुकानं माझं पोट थोडंच भरतं? दवाखान्यात नवे सेल आले की ते आधी बाहेरच्या टीव्हीच्या रिमोटला जायचे, कारण रिमोट बंद पडला की ताटकळलेली माणसं कुरकुरायची. रिमोटचे उतरलेले सेल मग मला. कंपाउंडर म्हणायचा, "लागतेय की अजून!" डॉक्टरही तळहातावर उजेड पाडून मान डोलवायचे. अहो, लागत होते मी, पण पिवळी! माझ्या उजेडात सगळेच पडदे पिवळट दिसायचे, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती.

अशात बबडी आली. पाच वर्षांची, अखंड बडबड करणारी. कान दुखून ताप आला होता. औषधानं ठणका गेला, पण पडद्यामागचं पाणी तिथंच राहिलं, घट्ट आणि चिकट झालं, आणि त्यात जंतूंनी ठाण मांडलं. ना ताप, ना दुखणं. काही महिन्यांनी आई तिला परत घेऊन आली.

"डॉक्टर, हाक मारली तरी वळून बघत नाही हो ही. बोलणंही कमी झालंय."

डॉक्टरांनी मला तिच्या कानाशी लावलं. पडद्यामागं पिवळं पाणी तुंबलं होतं आणि त्यावर माझा पिवळाच उजेड! "पडदा छान आहे," डॉक्टर म्हणाले. "लक्ष नसतं तिचं. जरा दटावा."

मला तोंड असतं ना, तर मी बोंब ठोकली असती.

घरी तिला दटावलं. "कानात बोळे घातलेत का?" म्हणून बाबांनी पाठीत धपाटा घातला. शाळेत तिला मागच्या बाकावर बसवलं. आई पुन्हा येऊन हे सांगताना रडली, तरी डॉक्टर पुन्हा "छान"च म्हणाले. मग एका सकाळी तिच्या उशीवर घाण वासाचा पू दिसला. मोठ्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पू काढला. पण दोन्ही कानांतली ऐकू येण्याची नाजूक हाडं जंतूंनी कुरतडून टाकली होती, आणि पार आतल्या कानापर्यंत पोचून तोही निकामी केला होता. गेलेलं ऐकू येणं काही परत आलं नाही.

त्यानंतर आई तिला आमच्याकडे घेऊन आली. भांडली नाही. मोठ्या दवाखान्याचे कागद तेवढे टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी मला हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

मित्रांनो, एखादं मूल हाकेला वळलं नाही, तर हात उगारण्याआधी त्याचे कान चांगल्या उजेडात बघा. आणि जिच्या भरवशावर बघता, तिच्या पोटात काय घालता तेही बघा. मी आणखी काय सांगू?

"डॉक्टरकाका, मला परत ऐकू येईल ना?" त्या दिवशी निघताना बबडीनं विचारलं. डॉक्टरांना तिच्याकडे बघवेना. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "नाही गं बाळा."

तिला काहीच ऐकू आलं नाही. उत्तरासाठी ती त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली.