मिरचीच्या भाजीचे कांदे

रिठदच्या सोजरबाईच्या हातची मिरचीची भाजी एकदा खाल्लेला माणूस नाक पुसत पुसत पुन्हा वाढून घ्यायचा. तूर निघाली की तिचा नवरा जानराव दरवर्षी शेतातच जेवण घालायचा. भावकीतले लोक, आजूबाजूच्या शेतांतले शेजारी आणि तूर सोंगायला-कापायला आलेल्या बाया, सगळे धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या निंबाखाली बसायचे. शेतातल्या जेवणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, बाकी ठिकाणी गडीमाणसंच चुलीवर चढवतात, बाईला भाकरी थापायला बसवतात. जानरावच्या शेतात मात्र गंज सोजरबाईचा. नवी सून म्हणून आली तेव्हाच तिनं सासऱ्याच्या हातातून उलथणं घेतलं होतं, आणि सासऱ्यानं एक घास खाऊन ते परत मागितलं नव्हतं.

या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिला ताप आला. ताप उतरला, अंगात जोर आला, पण नाकाला वास येणं थांबलं ते थांबलंच. आधी तिला वाटलं सर्दी असेल. मग एका सकाळी ती चुलीशीच उभी असताना दूध उतू जाऊन करपलं. शेजारीण ओरडत आत आली तेव्हा सोजरबाईला धूर दिसला, वास तरीही नाही. वाशिमच्या डॉक्टरनं नाक, घसा सगळं पाहिलं आणि सांगितलं की वास परत येईलही, नाहीही येणार. जिभेवर तिखट, मीठ, आंबट, गोड तेवढं कळत होतं. वरणावरचं तूप आणि वरणावरचं पाणी तिला सारखंच.

डॉक्टर काय म्हणाला ते तिनं घरी नीट सांगितलंच नाही. फक्त सुनेला, निकिताला सांगितलं, कारण स्वयंपाकघरात दोघीच असायच्या. निकितानं पंधरवडाभर कोणाला कळू दिलं नाही. मग एक दिवस गॅसचं बटण अर्धवट चालू राहिलं. सोजरबाई तिथंच बसून शेंगा फोडत होती. निकिता घाबरली आणि तिनं सासऱ्याला सगळं सांगून टाकलं.

त्या दिवसापासून सोजरबाईला कोणी चुलीजवळ येऊ देईना. कोणी रागावलं नाही, उलट सगळे फार गोड बोलायचे. आई, तुम्ही बसा. आई, तुम्ही आराम करा. तिच्या पुढ्यात तांदूळ निवडायला ठेवायचे, नाहीतर कापूस द्यायचे वाती वळायला. तिनं इतक्या वाती वळल्या की देव्हाऱ्यात ठेवायला जागा उरली नाही. निकिताशी तिनं बोलणं टाकलं. निकिता समोर ताट ठेवायची, ती जेवायची, ताट सरकवायची. तोंडातून शब्द काढायची नाही.

तूर निघाली. जेवणाच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगा, मुन्ना, मोटारसायकलवर कांद्याचं पोतं घेऊन आला. सोजरबाईनं पोत्याचं तोंड सोडून पाहिलं. सगळे नव्या हंगामाचे लाल कांदे होते, मोठे, चकचकीत, एकासारखा एक. कोणी निवडले म्हणून तिनं विचारलं. मुन्नानं खाली पाहत सांगितलं, की बाबानं रिसोडचा आचारी ठरवला आहे, त्याच्या सांगण्यावरून आणले.

जानराव ओसरीत बसला होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मले इचारलं काहून नाई?"

"इचारलं असतं तं तू नाई म्हनली असती."

"मंग ठावकं होतं तुमाले."

"मुन्नाची माय, इतक्या लोकाइच्या तोंडी जयकं-करपलेलं गेलं तं माह्यी काय राह्यते? तुयाच्यानं आता होनार नाई."

जानराव वाईट माणूस नव्हता. हे बोलताना त्याचाही आवाज खाली आला होता. पण सोजरबाईच्या कानात शेवटचं वाक्य असं घुसलं की रात्री जेवताना तिला तिखटही लागलं नाही.

सकाळी उजाडताच ती उठली. माळ्यावर उन्हाळ्यातले कांदे पसरून ठेवले होते, त्यातले बरेच आता कोंब धरू लागले होते. तिनं एकेक कांदा मुठीत दाबून पाहिला. मान मऊ लागली की बाजूला, घट्ट लागला की टोपल्यात. त्यावर पांढरे कांदे घेतले. परसातल्या वाफ्यातून कांद्याची पात उपटली. मिरच्या, तुरीची डाळ, शेंगदाणे सगळं आदल्या दिवशीच शेतावर पोचलं होतं. टोपलं डोक्यावर घेऊन ती निघाली. निकिता अंगण झाडत होती. तिनं पाहिलं, झाडू थांबवला आणि पुन्हा झाडायला लागली.

आचारी शेतावर आला तोवर चूल पेटलेली होती आणि गंजात डाळ रटरटत होती. गोविंदसिंग नाव त्याचं, लग्नकार्यांत मुरलेला माणूस. स्वतःच्या सुऱ्या कापडात गुंडाळून आणल्या होत्या. चुलीपुढं बाई पाहून तो थबकला आणि म्हणाला की मला तर जानरावांनी बोलावलं आहे.

"त्याइनं बोलावलं," सोजरबाई म्हणाली, "पन जेवन माह्या घरचं हाये. तुमी पाव्हने म्हून बसा निंबाखाली. नाई तं मिरच्याचे देठ तोडा."

गोविंदसिंग तिच्याकडं पाहत राहिला. मग हसला, मांडी घालून बसला आणि देठ तोडू लागला. कामाच्या माणसाला रिकामं बसवत नाही.

मिरच्या डाळीत पडल्या तशी कांद्यांची वेळ आली. गोविंदसिंगनं पोतं ओढलं आणि सुरी घेतली. सोजरबाईनं हात आडवा केला. तो म्हणाला, कांदा तो कांदा, मिरचीपुढं कोणाला कळणार? तिनं पोत्यातला एक लाल कांदा चिरून त्याच्या हातावर ठेवला. पाणी सुटलेलं त्यालाही दिसलं. हा तेलात गेला की शिजतो, तळत नाही, भाजी पातळ करतो, असं तिनं सांगितलं. लाल कांदा जेवताना बुक्कीनं फोडून खायला चांगला, तिथंच तो वाढायचा. तेलात आधी उन्हाळी कांदा जाईल, कारण वाळून वाळून त्यातलं पाणी गेलेलं असतं, तो खरपूस होतो आणि भाजीला अंग देतो. तो लालसर झाला की पांढरा. पांढरा विरघळतो आणि मिरचीचा जाळ ओढून घेतो, नाहीतर माणूस दुसऱ्या घासालाच पाणी मागतो. पात सगळ्यात शेवटी, गंज उतरवल्यावर.

"अन् तुमाले वास येत नाई म्हंतात," गोविंदसिंग हळूच म्हणाला. म्हणजे त्यालाही सांगून झालं होतं.

"कांदा कापला का डोये झोंबतात मले. तेवढं देवानं ठेवलं."

तिनं उन्हाळी कांदा कापला. डोळ्यांतून पाणी घळघळ वाहू लागलं तेव्हा तिला बरंच वाटलं. जो झोंबला नाही तो तिनं टाकून दिला. कढईत तेल तापलं, कांदा पडला आणि चर्र झालं. ती कान देऊन बसली. आधी मोठा आवाज, मग हळूहळू बसत गेलेला, मग बारीक, कोरडा. तिनं झाऱ्यानं कांदा वर उचलून पाहिला, रंग आला होता. पांढरा टाकला.

एवढ्यात जानराव आला. मागून मुन्ना, भावकीतले दोघं-तिघं, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन निकिता. बायको चुलीशी आणि आचारी देठांच्या ढिगाशी पाहून जानरावचा चेहरा उतरला. त्यानं आधी गोविंदसिंगलाच सांगितलं की तुम्ही घ्या ते उलथणं. गोविंदसिंग जागचा उठला नाही. मग जानराव स्वतः पुढं आला.

सोजरबाई उठली नाही. उलथणं तिच्या हातात होतं.

"हे मी सोडनार नाई. वढून घ्याचं असंल तं घ्या. साऱ्या लोकाइसमोर घ्या."

भावकीतल्या एकानं खोकल्यासारखं केलं. मग जानराव वळला आणि निंबाखाली पाठ करून बसला.

पुढं सगळं नीट झालं असतं तर सांगायलाही सोपं होतं. कांदा गंजात गेला, सोजरबाईनं घोटणीनं डाळ-मिरच्या एकजीव केल्या आणि वरच्या फोडणीला लसूण टाकला. वारा फिरला. जाळ एकदम चुलीबाहेर आला. लसणाचा आवाज वाऱ्यात तिला ऐकू आला नाही, आणि धुरानं डोळे मिटले तेव्हा रंगही दिसला नाही. ती कढई उचलून गंजात ओतणार तोच निकिता मोठ्यानं म्हणाली,

"आई, लसून जयला."

निंबाखाली जानरावनं मान वळवली. सोजरबाईला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. हीच सून, हिनंच आधी सांगितलं आणि आताही हीच सांगते. पण हातातली कढई तापलेली होती, उभं राहून चालणार नव्हतं. ती बाजूच्या नांगरटीच्या तासात गेली आणि सगळी फोडणी मातीत ओतून दिली. मग लोकांकडं तोंड केलं.

"मले वास येत नाई. आजपासून साऱ्याइले ठावकं असू द्या. लसून जयला, दुसरा टाकतो. नाक असनाऱ्याचाबी जयते."

तिनं कढई पुसली, पुन्हा तेल घातलं, आणि किती दिवसांनी सुनेकडं पाहिलं.

"निकिता, अथी उभी राह्य. वास आला का सांगजो."

निकिता चुलीच्या पलीकडं उभी राहिली. डोळे धुरानं की कशानं लाल झाले होते. लसूण पडला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता." सोजरबाईनं लगेच कढई ओतली नाही, स्वतः वाकून रंग पाहिला, अजून श्वासभर थांबली आणि मगच फोडणी गंजात सोडली.

पंगत बसली. पोळ्या, भाजी, बुक्कीनं फोडलेले लाल कांदे. माणसं पहिल्या घासाला सू-सू करू लागली, दुसऱ्याला बोलेनाशी झाली, आणि तूर सोंगणाऱ्या बायांनी भाजीचं भांडं आपल्याकडं ओढून घेतलं. गोविंदसिंगनं दोनदा वाढून घेतलं आणि पांढऱ्या कांद्याचं पुन्हा एकदा नीट विचारून घेतलं. जानराव मात्र खाली मान घालून जेवत होता. सोजरबाई त्याच्यापुढं वाढायला थांबली आणि कशी झाली म्हणून तिनंच विचारलं.

"मीठ कमी हाये," जानराव म्हणाला.

"मीठ बराबर हाये. ते मले कयते."

पंगतीत कोणीतरी फुसकन हसलं. जानरावनंही हसू दाबलं, पण त्याला ते जमलं नाही. त्यानं ताट पुढं केलं आणि तिनं वाढलं.

सगळे उठल्यावर सासू-सुना जेवायला बसल्या. सोजरबाईनं पहिला घास घेतला. तिखट कानापर्यंत गेलं, मीठ लागलं, पांढऱ्या कांद्याचा गोडवाही जिभेला सापडला. आणि तेवढंच. लसूण कुठंच नव्हता, पात नव्हती, चुलीचा धूर नव्हता. इतक्या वर्षांची ओळखीची भाजी तिच्या तोंडात परकी होती. तिचा घास थांबला. निकितानं तो थांबलेला पाहिला आणि काही न विचारता तिच्या पानात एक पोळी वाढली. सोजरबाईनं ती खाल्ली, अजून एक मागून घेतली.

गंज घासायला काढला तेव्हा पलीकडच्या शेतातला लखीराम धुऱ्यावरून आला. त्याच्या पोरीची हळद पुढल्या महिन्यात होती. त्यानं जानरावला विचारलं, की वहिनी त्या दिवशी भाजी करायला येतील का. जानराव तोंड उघडून तिच्या तब्येतीचं काही सांगू लागला.

"येतो मी," सोजरबाई गंजाशी वाकूनच म्हणाली. "पन कांदे बजारातून कोनी आनू नका. निकिता अन् मी येऊन निवडू."

मग तिनं राखेची मूठ घेतली आणि गंज घासायला लागली.