मी, गिधाडाची आई

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कोणीही नाक मुरडेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी जाड कातड्याचा एक जुना हातमोजा आहे. तोही एकटा, डावा. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. हातमोज्याच्या आयुष्यात असे काय घडणार? हात आत जातो, हात बाहेर येतो. पण एका उन्हाळ्यात मला जे भाग्य लाभले, ते आठवले की माझ्या सुरकुत्यासुद्धा हसतात. तेवढे तरी ऐका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवले आणि माझ्या उजव्या भावाशी गाठ मारून दुकानात टांगले. एका वेल्डरने आम्हाला विकत घेतले. ठिणग्या झेलता झेलता आम्ही काळवंडलो. उजव्याला काम जास्त, त्यामुळे तो आधी झिजला आणि एके दिवशी कचऱ्यात गेला. मी मागे उरलो. पुढे हा वेल्डर दूरच्या एका जंगलात पिंजऱ्यांच्या जाळ्या जोडायला गेला आणि परत निघताना मला एका पिंजऱ्यावर विसरला. विसरण्याने कुणाचे भले होते, ते माझ्याकडे पाहून समजावे.

ती जागा म्हणजे जखमी वन्यप्राण्यांचे आश्रयस्थान होते. डांबरी रस्ता संपून बराच वेळ जीप हिंदकळत राहिली, की पत्र्याच्या छपराची एक लांबट इमारत दिसे. तिच्या उपचाराच्या खोलीत स्टीलचे एक टेबल, कात्र्या-चिमटे उकळण्याचे पातेले आणि वजनकाट्यावर बांधलेली वेताची टोपली होती. तिथल्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. जीप चालवणे, प्राण्यांचे जेवण कापणे आणि वेळप्रसंगी डॉक्टरांना चिडवणे, ही सगळी खाती एकाच गृहस्थाकडे होती. त्यांना सगळे भाऊ म्हणत.

तिथे मी पुन्हा कामाला लागलो. घुबडाचे पाय धरले. चवताळलेल्या माकडांचे चावे सोसले. माझ्या अंगठ्यावर गरुडाच्या नखाची खूण आहे आणि करंगळीवर रानमांजराच्या दाताची. "हा मोजा नसता तर माझी दोन बोटं गेली असती," असे डॉक्टर एकदा म्हणाल्या होत्या. मी ते वाक्य जपून ठेवले आहे. नंतर कोपरापर्यंत येणारे नवे कोरे हातमोजे आले आणि माझी रवानगी मोरीजवळच्या चिंध्यांच्या बादलीत झाली. माझ्या तर्जनीत एका कोळ्याने बिऱ्हाड थाटले. तक्रार कशी करणार? नवे हातमोजे खरोखरच माझ्यापेक्षा चांगले होते.

अशात तिथे मावशी आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून, बिनपगारी, आपल्या हौसेने आलेल्या. टेबल पुसणे, हत्यारे उकळणे, डॉक्टर टाके घालत असताना प्राण्याला धरून ठेवणे, सगळे त्या चटकन शिकल्या. फक्त त्यांचे तोंड क्षणभर बंद राहत नसे. फुटलेल्या पाठीच्या कासवावर उपचार चालले होते, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "पोक काढू नकोस रे बाळा, ताठ बस!" भाऊंच्या हातून बादलीच पडली.

त्याच आठवड्यात वादळात एक मोठे झाड पडले आणि बिस्किटांच्या खोक्यातून गिधाडाचे एक पिल्लू आले. पांढरी लव, उघडी मान आणि अंगभर थरथर. आईबाप कुठे दिसत नव्हते.

"हे जगेल," डॉक्टर म्हणाल्या, "पण नुसतं जगून भागणार नाही. माणूस भरवतोय हे याला कळलं, की ते माणसालाच आई समजेल. मग त्याला मोकळं सोडता येत नाही. आयुष्यभर पिंजरा! याला माणसाचं तोंड दिसता कामा नये, आवाज ऐकू येता कामा नये. भरवायला गिधाडाच्या तोंडाची बाहुली हवी."

"आता गिधाडाचं तोंड कुठून आणायचं गं पोरी?" मावशी म्हणाल्या.

भाऊंनी बादलीत हात घालून मला वर काढले, कोळ्याला खिडकीबाहेर सोडले आणि मला टेबलावर ठेवले. "हे घ्या. याला काही करायलाच नको!"

सगळे पोट धरून हसले. मला राग यायला हवा होता का, ते मला अजून ठरवता आलेले नाही. मावशींनी मला काळ्या बटणांचे दोन डोळे लावले. फाटक्या गमबुटाच्या रबराची चोच माझ्या अंगठ्यावर आणि बोटांवर अशी शिवली, की ती उघडावी-मिटावी. जुन्या मफलरची पांढरी लोकर गळ्याभोवती गुंडाळली. आणि मित्रांनो, चिंध्यांच्या बादलीतला मी गिधाडाची आई झालो.

पिल्लाच्या खोलीला लाकडी भिंत होती, भिंतीला एक भोक आणि भोकावर पडदा. मावशींचा हात माझ्यात शिरला आणि मी पडद्यातून आत डोकावलो. चोचीत खिम्याचा एक घास होता. पिल्लाने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता हे घाबरणार. पण त्याने चोच उघडली, घास गिळला आणि माझ्या गळ्यातल्या लोकरीत डोके खुपसून ते झोपले. आजवर मला सगळे चावले होते. माझ्या कुशीत कोणी झोपले नव्हते.

पिल्लू वाढू लागले आणि इथेच घोटाळा झाला. एके दिवशी त्याने वाटी चाटूनपुसून संपवली आणि पडद्यामागून आवाज आला, "शाब्बास!"

मावशींनी जीभ चावली. पण त्यांचा सगळा जन्म मुलांना शाब्बासकी देण्यात गेलेला. डबा संपवला, शाब्बास. पाढा म्हटला, शाब्बास. तो शब्द त्यांच्या तोंडून शिंकेसारखा निसटे. दुसऱ्या दिवशी निसटला, तिसऱ्या दिवशीही. मग एका सकाळी बाहेरच्या खोलीत भाऊंनी मांस अगदी बारीक कापलेले पाहून त्या मोठ्याने म्हणाल्या, "शाब्बास!" आणि आत पिल्लू लाकडी भिंतीवर धडका देत ओरडू लागले.

"मावशी, ते तुमच्या आवाजाकडे धावतंय," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

मावशींचा चेहरा उतरला. "माझ्या एका शब्दापायी त्याचं आकाश जाणार असेल, तर मी उद्याच्या जीपनं जाते."

"जाऊ नका. तुमच्याइतक्या मायेनं कोणी भरवत नाही. मला तुमचा हात हवाय. फक्त तोंड नको."

भाऊ खो खो हसले. मावशी आधी रुसल्या, मग त्याही हसल्या. "वर्गात बडबड करणाऱ्या पोरांना मी तोंडात पाणी धरून उभं करायची," त्या म्हणाल्या. "गिळायचं नाही, सांडायचं नाही. आता माझी पाळी!"

तेव्हापासून मावशी तोंडात पाण्याचा घोट धरूनच मला हातात चढवू लागल्या. त्यांना एकटे वाटू नये म्हणून डॉक्टर आणि भाऊही पाणी धरत. गाल फुगवलेली तीन मोठी माणसे हातवारे करत एका पिल्लाला भरवत आहेत, हे दृश्य फक्त मी पाहिले आहे. एकदा भाऊंना उचकी लागली आणि पडदा धुवायला काढावा लागला!

पिल्लाला पिसे फुटली. त्याला मोठ्या पिंजऱ्यात हलवले. तिथे एक पंख कायमचा जायबंदी झालेले एक म्हातारे गिधाड राहत असे. त्याला सगळे आजोबा म्हणत. घासावरून कसे भांडावे, पंख पसरून उन्हात कसे बसावे, हे सारे आजोबांनी शिकवले. ते मला थोडेच जमणार होते? मला पंखच नाहीत.

सोडण्याआधी डॉक्टरांनी परीक्षा घेतली. आधी जाळीतून मला आत धरले. पिल्लू, आता त्याला पिल्लू तरी कसे म्हणू, ऐटीत जवळ आले. त्याने मला निरखले. मग माझ्या डाव्या डोळ्याचे बटण चोचीने उपटले, टाकून दिले आणि ते निघून गेले. खरे सांगू? थोडे दुखले. बटणाचे नव्हे.

"आता तुमचा आवाज," डॉक्टर म्हणाल्या. "ते तुमच्याकडे धावत आलं, तर त्याला सोडता यायचं नाही."

मी अजून मावशींच्या हातात होतो. त्या म्हणाल्या, "शाब्बास!"

गिधाडाने मान वळवली. एक पाऊल आमच्याकडे टाकले. तेवढ्यात पलीकडे आजोबांनी मांसाचा तुकडा ओढला. आमचे गिधाड गर्रकन फिरले आणि फिस्कारत त्यांच्या अंगावर धावून गेले.

"पुन्हा म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. मावशी आणखी मोठ्याने म्हणाल्या. त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

"उभ्या जन्मात विद्यार्थ्यानं माझं ऐकलं नाही म्हणून मला आनंद झाला, तो आज!" असे म्हणत मावशींनी डोळे पुसले. घाईघाईत माझ्यानेच पुसले.

सोडण्याच्या सकाळी पिंजऱ्याचे दार उघडले. तिघांनी सवयीने तोंडात पाणी धरले होते. वर रानातली गिधाडे घिरट्या घालत होती. आमचे बाळ धपाधप उड्या मारत बाहेर आले, उतारावर धावले, कुंपणावर आदळते की काय असे वाटले आणि उचलले गेले! खालून वर, वरून आणखी वर, त्या घिरट्यांमध्ये जाऊन मिसळले. आता त्यातले आमचे कोणते, ते ओळखू येईना.

मावशींनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी मान डोलावली. मग मावशींच्या तोंडातले सगळे पाणी डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर उडाले आणि पाठोपाठ अशी आरोळी उठली, की माकडांच्या पिंजऱ्यातही गलका झाला. "शाब्बास!"

वर कोणीही वळून पाहिले नाही. त्याहून मोठे सुख मला अजून भेटलेले नाही.

आता मी उपचाराच्या खोलीत खिळ्यावर असतो. बटण पुन्हा शिवले आहे. पुढचे पिल्लू येईल तेव्हा मी तयार आहे. मित्रांनो, घरट्यातून पडलेले पिल्लू तुम्हाला सापडले, तर त्याला पाळू नका, बोलायला शिकवू नका. जाणत्या माणसांच्या हवाली करा. माया करा, पण ती तोंडात पाणी धरून करा. आणि घरातला एखादा जुना हातमोजा टाकून देण्याआधी त्याचा चेहरा एकदा नीट पाहा. तो कुणाच्या तरी आईसारखा दिसत असेल.