मला काचेत कोंडलं तेव्हा

मी पत्रिका बोलतेय. लग्नाची नव्हे. जळगाव जिल्ह्यातल्या भाजीवाल्या बायांच्या संघटनेची, चार पानांची, महिन्याची.

छापखान्यातून निघाले की शाई वाळायच्या आत मी एसटीनं नशिराबाद, बोदवड, जामनेरला जायची. नशिराबादच्या बाजारात भागाबाई मला मोठ्यानं वाचायची. ती चौथी शिकलेली. बाकीच्या मिरच्या निवडत ऐकायच्या, मधेच भांडायच्या, "मागचं पुन्हा वाच" म्हणायच्या. मग माझ्यातच कोथिंबीर बांधून द्यायच्या. माझी तक्रार नाही. वाचून झाल्यावर खुशाल बांधा.

नव्याण्णव साली सचिव कुंदाताईंनी जळगावच्या कार्यालयात संगणक आणला. म्हणाल्या, "आता छपाई बंद. पत्रिका इंटरनेटवर. साऱ्या जगाला दिसेल."

जगाला कुठं मेथी विकायचीय? मला तेव्हाच संशय आला.

पुढच्या महिन्यात मी बाजारात गेलेच नाही. मग भागाबाईलाही संशय आला. गावोगावच्या बाजारातल्या नव्या ओट्यांच्या चिठ्ठ्या कार्यालयात निघायच्या होत्या, तारीख माझ्यातच कळणार होती, आणि जी हजर नसेल तिचा ओटा जाणार होता. मी संगणकात गेलेय असं ऐकून ती जळगावला संगणकाच्या दुकानात गेली. दुकानदारानं मला उघडलं, तर काचेवर नुसते चौकोन आणि वेडंवाकडं इंग्रजी. "मराठी अक्षरं या मशीनमध्ये नाहीत, मावशी."

भागाबाई तडक कार्यालयात.

"कुंदाताई, चिठ्ठ्या कधी हायेत?"

"उद्या सकाळी. पत्रिकेत टाकलंय की, अक्का!"

"कोनं वाचलं? एक बाई दाखव मले!"

कुंदाताईंनी संगणकाकडे बोट दाखवलं.

"मंग उद्या कोनाच्या चिठ्ठ्या काढशीन? तुह्या अन् त्या डब्याच्या?"

ती दारातच बसली. "छापल्याबिगर उठनार नही." शेवटी कुंदाताईंनी चिठ्ठ्या आठ दिवस पुढं ढकलल्या आणि मला छापखान्यात धाडलं.

चिठ्ठ्यांच्या दिवशी कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. भागाबाईला नेमका गटारीजवळचा ओटा निघाला. बाया हळहळल्या. ती म्हणाली, "निघू दे व माय. माह्या हातानं काढला ना!"

तेव्हापासून मी पुन्हा छापली जातेय, पण आता दोनच पानांची उरलेय. कुंदाताई मनानं वाईट नाहीत, पण अजून त्या संगणकावरची धूळ स्वतःच्या पदरानं पुसतात. माझी नजर आहे. बायांनो, एखाद्या महिन्यात मी आले नाही, तर उशीर झाला असेल म्हणून बसू नका. त्याच दिवशी जा आणि दार अडवा.